मार्क, रँक आणि टेन्शन: विद्यार्थी आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

हे प्रश्न बहुतेक वेळा परीक्षेच्या तोंडावर किंवा निकाल लागल्यावर विचारले जातात. ज्याला जे हवं ते थेट वाचावं. पहिलं उत्तर मात्र सगळ्यांनी वाचावं, कारण पुढची बरीचशी उत्तरं त्याच्यावर उभी आहेत.

स्पर्धा वाईटच असते का?

नाही. जागा शंभर आणि अर्ज दहा हजार असतील तर कोणाला तरी निवडावंच लागतं, आणि वशिल्यापेक्षा परीक्षा केव्हाही बरी. निवडीची स्पर्धा त्याच्यासाठी असते आणि ती वर्षातल्या एखाद-दोन दिवसांपुरती असते. गडबड होते ती हीच स्पर्धा रोजच्या शिकण्यात आणून बसवली की. साध्या घटक चाचणीचा निकाल क्रमांकासह भिंतीवर लागतो. आठवड्याच्या टेस्टवरून बॅच बदलते. घरी गृहपाठाचीसुद्धा शेजारच्या मुलाशी तुलना होते. या तिन्ही ठिकाणी निवडायचं कोणालाच नसतं.

शिकताना चुका करायच्या असतात आणि निवडीच्या दिवशी त्या टाळायच्या असतात. रोजच निवडीचा दिवस उगवायला लागला की मूल चुकायचं टाळतं. म्हणजे शंका विचारत नाही, अवघड गणिताला हात लावत नाही, आणि जे येतं तेच गिरवत बसतं. वरून दिसायला हे मूल खूप अभ्यास करत असतं. माझं म्हणणं एवढंच, की स्पर्धा तिच्या जागी राहू द्या. खालची बरीच उत्तरं तिला तिच्या जागी परत कसं पाठवायचं याबद्दल आहेत.

हे सगळं आजकालचंच ना? पूर्वी एवढं कुठे होतं?

पूर्वीही होतं. फरक इतकाच, की ते मूठभरांपुरतं होतं. चीनमध्ये सरकारी अधिकारी निवडण्यासाठी सम्राटांच्या परीक्षा साधारण तेराशे वर्षं चालल्या आणि १९०५ साली बंद झाल्या. उमेदवारांना लहानशा कोठड्यांमध्ये कित्येक दिवस बसून उत्तरं लिहावी लागत. काहींनी बारीक अक्षरात ग्रंथच्या ग्रंथ आतल्या कपड्यांवर उतरवून नेले होते. असे कपडे संग्रहालयांत आजही बघायला मिळतात. कॉपीचा इतिहास परीक्षेइतकाच जुना आहे.

दुसरं उदाहरण मराठी वाचकांच्या ओळखीचं. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत संयुक्तपणे पहिले आले आणि ‘रँग्लर परांजपे’ झाले. त्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना ‘रँग्लर’ म्हणत. त्यांची नावं क्रमाने जाहीर होत आणि पहिल्या नंबराची चर्चा वर्तमानपत्रांत चाले. साहजिकच खासगी शिकवण्या जोरात होत्या. एडवर्ड राउथ नावाच्या एकट्या शिक्षकाचे पंचवीसहून जास्त विद्यार्थी वेगवेगळ्या वर्षी पहिले आले. म्हणजे ‘टॉपर घडवणारा क्लास’ एकोणिसाव्या शतकातही होता. पुढे तिथल्याच गणितज्ञांनी तक्रार सुरू केली, की मुलं गणित शिकत नाहीत, पेपर सोडवायच्या युक्त्या शिकतात. शेवटची क्रमवार यादी १९०९ साली लागली. त्यानंतर वर्ग राहिले, पण वर्गातली नावं अक्षरांच्या क्रमाने लागू लागली. केंब्रिजचं गणित त्यामुळे बुडालं नाही.

आज नवं काय आहे, तर व्याप्ती. केंब्रिजच्या त्या चक्रात काही शेकडा मुलं होती, आता अशा चक्रात लाखो आहेत. शिवाय निकाल फोनवर येतो आणि मिनिटाभरात नातेवाइकांच्या ग्रुपवर पोचतो.

थोडं टेन्शन असलेलं चांगलंच, नाही का?

अर्धं खरं. या म्हणण्यामागे बहुतेक वेळा १९०८ सालचा रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांचा प्रयोग असतो. तो उंदरांवर केलेला होता. उंदरांनी पांढऱ्या आणि काळ्या वाटांतून योग्य ती निवडायची आणि चुकलं तर विजेचा झटका बसायचा. फरक ओळखणं सोपं होतं तेव्हा झटका जितका जोरदार, तितके उंदीर लवकर शिकले. फरक अवघड केल्यावर मात्र जोरदार झटक्याने शिकणं मंदावलं.

भाषणांमध्ये पहिला भाग सांगितला जातो आणि दुसरा गाळला जातो. उंदरांवरून माणसांबद्दल फार मोठे निष्कर्ष काढू नयेत हे मान्य, तरी वर्गातला अनुभव याच दिशेचा आहे. पाढे म्हणायचे असतील, शंभर मीटर पळायचं असेल तर थोडा दट्ट्या चालतो. नवीन संकल्पना समजून घ्यायची असेल तर डोकं शांत लागतं. ओरडा खाऊन कोणाला कॅल्क्युलस समजलेलं मी पाहिलेलं नाही.

घरी सगळं येतं, पण पेपर हातात आला की ब्लँक होतो. असं का?

डोक्यात एका वेळी थोडीच माहिती धरून तिच्याशी खेळता येतं. दोन आकडे लक्षात ठेवून तिसरा काढणं, वाक्याचा शेवट ठरवताना सुरुवात ध्यानात ठेवणं, हे सगळं त्या छोट्या जागेत चालतं. ‘आता काय होणार’ हा विचारही तिथेच येऊन बसतो. जागा अडली की येत असलेलं उत्तर बाहेर येत नाही. विसरलेलं नसतं, फक्त पोचता येत नसतं. म्हणून पेपर देऊन बाहेर पडल्यावर जिन्यातच सगळं आठवतं.

ब्लँक झाल्यावर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी ठरवायचं काम जमत नाही. क्रम साधारण असा असू द्या. पेन खाली ठेवा. पाय जमिनीवर टेकवा आणि श्वास सावकाश सोडा. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. तीन-चार वेळा केलं तरी छातीतली धडधड उतरते. मग पेपर उलटून सगळ्यांत सोपा प्रश्न शोधा, भले तो दोन मार्कांचा असो. उत्तरपत्रिकेत त्याचा नंबर लिहा, अधोरेखित करा आणि पहिली ओळ लिहा. हात चालू झाला की डोकं मागून येतं. अडलेल्या प्रश्नाचं नाव त्यानंतर दहा मिनिटं काढायचं नाही.

हे सगळं घरी घड्याळ लावून, टेबलावर फक्त पेपर आणि पेन ठेवून चार-पाच वेळा केलेलं असावं. ज्या मुलाने वर्षभर पलंगावर लोळत, शेजारी वही उघडी ठेवून सराव केला, त्याला तीन तास बाकावर बसायचीच सवय नसते. त्याची अर्धी भीती त्या अनोळखी परिस्थितीची असते.

पेपरच्या आधी मनातली भीती कागदावर लिहून काढली की मार्क वाढतात, असं वाचलं. खरं का?

२०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जेरार्डो रामिरेझ आणि सायन बायलॉक यांचा असा अभ्यास आला होता. परीक्षेआधी दहा मिनिटं भीतीबद्दल लिहिलं तर घाबरणाऱ्या मुलांना फायदा होतो, असा त्याचा निष्कर्ष. तो खूप गाजला. मात्र नामांकित नियतकालिकांतले काही प्रयोग संशोधकांनी जास्त मोठ्या संख्येवर पुन्हा करून पाहिले, तेव्हा २०१८ साली आलेल्या निकालात या प्रयोगाचा परिणाम दिसला नाही. लिहून बरं वाटत असेल तर जरूर लिहा. मार्क वाढवायची युक्ती म्हणून मात्र त्यावर विसंबू नका.

रोज किती तास अभ्यास करावा?

हा प्रश्नच मला आवडत नाही. तासांनी बसणं मोजलं जातं. दोन मुलं प्रत्येकी तीन तास बसली. एकाने धडा चार वेळा वाचून पिवळ्या मार्करने रंगवला. दुसऱ्याने एकदा वाचला, पुस्तक मिटलं आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहून काढलं. संध्याकाळी विचारलं तर पहिला जास्त आत्मविश्वासाने बोलेल.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली हेच कॉलेजच्या मुलांवर तपासलं. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत अशी, की आपल्याला जास्त लक्षात राहील असं वाचणाऱ्या गटालाच वाटत होतं.

तेव्हा तास मोजायचे असतील तर पुस्तक मिटलेलं असतानाचे मोजा. असे दोन तास रोज झाले तरी भरपूर दमायला होतं. भिंतीवर चिकटवलेलं पहाटे पाच ते रात्री अकरापर्यंतचं वेळापत्रक, ज्यात एकही रिकामा चौकोन नाही, ते तिसऱ्या दिवशी मोडतं. त्याबरोबर ‘माझ्याने काही होत नाही’ ही खात्री पटते. टेन्शनचा मोठा भाग असा स्वतःच तयार केलेला असतो.

रात्री जागून अभ्यास केला तर?

उसना वेळ आहे, व्याजासकट परत द्यावा लागतो. अमेरिकेतल्या झोपेच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली १३ ते १८ वयाच्या मुलांसाठी ८ ते १० तास झोप सांगितली आहे, आणि ६ ते १२ वयासाठी ९ ते १२. दिवसभर शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते. शिवाय किशोरवयात शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं. त्यामुळे ‘पहाटे उठून पाठांतर छान होतं’ हा सल्ला पन्नाशीच्या माणसाला जितका लागू पडतो तितका सोळाव्या वर्षाला पडत नाही.

टेस्टमध्ये मार्क कमी पडले. आता काय करू?

आधी पेपर उघडा. बहुतेक मुलं मार्क बघतात, पेपर घडी करून दप्तराच्या तळाशी कोंबतात आणि पुढच्या टेस्टला तेच पुन्हा घडतं. एकदा लाल पेन घेऊन बसा आणि गेलेल्या प्रत्येक मार्काशेजारी एक अक्षर लिहा. मुळात येतच नव्हतं तिथे ‘न’. येत होतं पण प्रश्न चुकीचा वाचला तिथे ‘व’. पद्धत बरोबर, पण वजाचं चिन्ह खाली उतरवताना राहिलं किंवा बेरीज चुकली, तिथे ‘घ’, म्हणजे घाई. वेळ संपला तिथे ‘वे’.

मग मोजा. वीस मार्क गेलेल्या पेपरात बारा जरी ‘व’ आणि ‘घ’चे निघाले, तरी त्यावर उपाय ‘अजून अभ्यास कर’ हा नाही. त्याला तोच अभ्यास हवा, फक्त प्रश्नातल्या ‘नाही’, ‘फक्त’, ‘कोणतेही दोन’ अशा शब्दांखाली रेघ मारायची सवय हवी. ‘न’ जास्त असतील तर कोणत्या धड्यातले ते बघा; सहसा ते दोन-तीन धड्यांतच साठलेले असतात. ‘अभ्यास कमी पडतोय’ या धूसर भीतीपेक्षा ‘दोन धडे राहिलेत’ ही माहिती कितीतरी हलकी असते.

रूथ बटलर या संशोधिकेने १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना फक्त मार्क दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात फक्त शेरा मिळालेली मुलं सुधारली. दोन्ही मिळालेली मुलं फक्त मार्क मिळालेल्यांसारखीच वागली. मार्क दिसला की शेरा वाचलाच जात नाही. म्हणून वर सांगितलेलं अक्षरांचं काम एकूण मार्कांवर हात ठेवून करा.

पर्सेंटाइल आणि रँक एवढी का घसरते? मार्क तर पाचच कमी झाले होते.

आकडे मांडून बघू. दहा लाख मुलांनी ३०० मार्कांचा पेपर दिला असं धरा. सगळ्या मार्कांवर मुलं सारखी पसरली तरी एका मार्कावर तीन हजारांहून जास्त मुलं बसतात. प्रत्यक्षात ती सारखी पसरत नाहीत, ठरावीक टप्प्यात दाटीवाटीने असतात. बरोबर उत्तराला चार आणि चुकीला वजा एक असेल, तर एक गोल चुकीचा रंगवला की पाच मार्कांचा फरक पडतो. दाटीच्या जागी तो फरक सहज पंधरा-वीस हजार रँकचा होतो.

म्हणजे बारा हजारावा आणि अठरा हजारावा यांच्यात ज्ञानाचा फरक आहे असं कोणी म्हणत असेल तर त्याला गणित कळत नाही. हीच दोन मुलं पुढच्या रविवारी पुन्हा बसवली तर क्रम उलटाही लागेल. जागा वाटायला कुठे तरी रेघ मारावी लागते, ती रँक मारते. रेघेच्या या बाजूचा हुशार आणि त्या बाजूचा ढ, असा तिचा अर्थ नाही. तसंच ९९ पर्सेंटाइल म्हणजे ९९ टक्के मार्क नव्हेत. दहा लाखांत ९९ पर्सेंटाइलवर असलेल्याच्या पुढे साधारण दहा हजार जण असतात. पेढे वाटण्याआधी आणि रडण्याआधीही जागा किती आहेत ते बघून घ्यावं.

जुन्या शाळेत पहिली यायची. नामांकित संस्थेत प्रवेश मिळाला आणि आता स्वतःला मठ्ठ समजते. तिचं काय चुकलं?

तिचं काही चुकलेलं नाही, आजूबाजूची माणसं बदलली आहेत. हर्बर्ट मार्श यांनी १९८०च्या दशकात हे मांडलं आणि पुढे अनेक देशांच्या माहितीत ते पुन्हा पुन्हा दिसलं. सारख्याच कुवतीची दोन मुलं घेतली, तर निवडक हुशार मुलांच्या शाळेतल्या मुलाचं स्वतःबद्दलचं मत साधारण शाळेतल्या मुलापेक्षा खाली असतं. माणूस स्वतःला जगाशी मोजत नाही, शेजारच्या बाकाशी मोजतो.

सुनिया लुथर यांनी याहून अस्वस्थ करणारी गोष्ट समोर आणली. अमेरिकेतल्या सुखवस्तू, भरपूर यश मिळवणाऱ्या शाळांतल्या मुलांमध्ये चिंता आणि नशेचं प्रमाण त्यांना अपेक्षेपेक्षा बरंच जास्त आढळलं. ‘चांगल्या शाळेत घातलंय, आता काळजी नाही’ हे गणित तिथे चुकतं.

या मुलीसाठी दोन गोष्टी करता येतील. तिची तुलना तिच्याच दोन महिन्यांपूर्वीच्या वहीशी करा. जुनी वही समोर ठेवली की फरक डोळ्यांना दिसतो. आणि जिथे तिचा क्रमांक लागत नाही अशी एक तरी गोष्ट आठवड्यात असू द्या. पोहणं, तबला, कुत्र्याला फिरवणं, काहीही चालेल. फक्त त्यातही लगेच परीक्षा आणि प्रमाणपत्रं आणू नका.

मैत्रीण नोट्स मागते. द्याव्यात का? तीच पुढे गेली तर?

द्या. लाखो जणांच्या परीक्षेत एक मैत्रीण पुढे गेल्याने तुमची रँक एकाने बदलते. तिला समजावून सांगताना तुमचं जे पक्कं होतं, त्याने याहून कितीतरी जास्त फरक पडतो. वर्गातल्या चाळीस जणांना शत्रू मानून तयारी करणाऱ्याला शंका विचारायला कोणी उरत नाही.

आम्ही घरी मार्कांबद्दल काही बोलतच नाही. तरी मूल म्हणतं, तुमचं प्रेशर येतं.

ते खोटं बोलत नाही. दार उघडल्यावर पहिला प्रश्न ‘कसा गेला पेपर?’ हाच असतो. नंतर ‘किती मिळाले?’ आणि लगेच ‘सगळ्यांत जास्त कोणाला?’ यात कोणी ओरडलेलं नाही. पण तिसऱ्या प्रश्नाने मुलाला जे कळायचं ते कळतं. ‘आम्हाला काही अपेक्षा नाहीत, तू फक्त तुझे शंभर टक्के दे’ हे वाक्य ऐकायला प्रेमळ आहे, पण नीट पाहा: शंभर टक्क्यांना कमाल मर्यादा कुठे असते? दमून झोपलेलं मूलही मग अपराधी वाटून घेतं. आणि काकांनी फोनवर विचारल्यावर आवाज खाली येतो किंवा खुलतो, तेही मुलं टिपतात.

टॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी १९८९ ते २०१६ या काळातल्या अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१ हजारांहून जास्त कॉलेज विद्यार्थ्यांची माहिती एकत्र केली. सगळं निर्दोषच व्हायला हवं हा आग्रह तिथे वाढत गेलेला दिसला, आणि सर्वांत जास्त वाढ झाली ती ‘इतरांची माझ्याकडून तशी अपेक्षा आहे’ या भावनेत. अपेक्षा खरोखर किती होती हा वेगळा प्रश्न. मुलांना ती तेवढी जाणवली.

एक साधा बदल करून बघा. पेपरच्या दिवशी घरी आल्यावर पहिली पंधरा मिनिटं पेपरचा विषय काढायचा नाही. मूल स्वतःहून बोललं तर ऐकायचं. दुसऱ्यांच्या मार्कांची चौकशी कायमची बंद. आणि तिसरं थोडं जड जाईल: मूल समोर असताना नातेवाइकांना त्याचे मार्क सांगायचे नाहीत, चांगले असले तरीही.

नव्वदच्या वर मिळाले तर फोन, असं कबूल केलं तर चालेल?

एकदा चालून जाईल. सवय लावू नका. १९७३ साली मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांना आधीच बक्षीस कबूल केलं. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं आधीपेक्षा कमी चित्रं काढू लागली. शिवाय ८९ मिळाले तर? एका मार्कासाठी आठवडाभर घरात अबोला धरलेली घरं मी पाहिली आहेत.

क्लास लावावाच लागतो का?

एखादा विषय शाळेत शिकवला जात नसेल, शंका विचारायला कोणी नसेल, किंवा प्रवेश परीक्षेचा ढंगच वेगळा असेल, तर उपयोग होतो. ‘सगळे लावतात’ हे कारण मात्र पुरेसं नाही. सगळ्यांनी लावला की कोणाचाच क्रमांक पुढे सरकत नाही, फक्त संध्याकाळ जाते. लावायचा ठरलं तर एक हिशेब करा: क्लास, प्रवास आणि क्लासचा गृहपाठ धरून स्वतः बसून आठवायला रोज किती वेळ उरतो? तासभरही उरत नसेल तर मूल शिकवलेलं ऐकतंय, शिकत नाही.

सरकारांनी काही केलंय का?

केलंय, आणि अनुभव संमिश्र आहे. चीनने जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी घातली. मोठमोठ्या कंपन्या कोसळल्या, पण शिकवण्या संपल्या नाहीत, त्या चोरून आणि महाग झाल्या. दक्षिण कोरियात सोलमधल्या क्लासना रात्री दहानंतर बंदी आहे. तरी प्रवेश परीक्षेच्या दिवशी इंग्रजी श्रवणाचा भाग सुरू असताना विमानांची ये-जा थांबवतात, यावरून त्या एका दिवसाचं वजन कळतं. सिंगापूरने २०१९ पासून प्रगतिपुस्तकातून वर्गातला क्रमांक काढला, आणि २०२१ पासून प्राथमिकच्या अंतिम परीक्षेत दुसऱ्यांशी तुलना करून गुण द्यायची पद्धत बंद करून रुंद टप्पे आणले. फिनलंडमध्ये सगळ्या देशाची म्हणावी अशी एकच मोठी परीक्षा, उच्च माध्यमिकच्या शेवटी.

मला यातून दिसतं ते असं. क्लास बंद केल्याने मागणी जात नाही, कारण मागणी जागांच्या टंचाईतून येते. चांगल्या जागा वाढणं, एका दाराऐवजी चार दारं असणं, आणि एकदा हुकलं तर पुन्हा शिरता येणं, याने ताण खरा कमी होतो. क्रमांक लपवणं त्यामानाने स्वस्त आहे आणि ते कोणतीही शाळा उद्यापासून करू शकते.

ड्रॉप घ्यावा का, म्हणजे वर्षभर थांबून परीक्षा पुन्हा द्यावी का?

गेल्या वर्षी काय कमी पडलं ते नेमकं सांगता येत असेल आणि या वर्षी ते वेगळ्या पद्धतीने होणार असेल, तर विचार करा. ‘अजून जोर लावतो’ एवढंच उत्तर असेल तर नको. ड्रॉपच्या वर्षात मित्र पुढे गेलेले असतात आणि दिवसाला आकार नसतो. अभ्यासाइतकीच त्याचीही तयारी लागते. दुसरा पर्याय हातात ठेवूनच घ्यावा.

हा आळस आहे की खरंच दमलाय, कसं ओळखायचं?

आळशी मुलाला अभ्यास सोडून बाकी सगळ्याचा उत्साह असतो. दमलेल्या मुलाला आवडत्या गोष्टीचाही नसतो. फिनलंडच्या कातारीना साल्मेला-आरो यांनी शाळकरी मुलांच्या या थकव्याच्या तीन खुणा मांडल्या आहेत: अभ्यासाने पिळून निघाल्यासारखं वाटणं, ‘याचा काय उपयोग’ असा तुसडेपणा, आणि आपण अपुरे आहोत ही भावना. तिन्ही एकत्र आठवडेच्या आठवडे दिसत असतील तर आणखी एक टेस्ट सिरीज हा उपाय नाही. आधी दोन गोष्टी वेळापत्रकातून काढा, मग बोला.

मदत कधी घ्यायची?

झोप किंवा भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडली, मित्रांना भेटणं बंद झालं, दर पेपरला पोटदुखी किंवा उलट्या होऊ लागल्या, तर समुपदेशक किंवा डॉक्टरांकडे जा. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशी भाषा, आवडत्या वस्तू देऊन टाकणं, स्वतःला इजा करणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी हालचाल करा. मूल एकटं राहणार नाही हे बघा आणि सरळ विचारा, ‘मरून जावं असं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ऐकून उपदेश करू नका, रडू नका, ‘एवढ्याशासाठी?’ तर मुळीच म्हणू नका.

बहुतेक देशांत यासाठी फोनवर मोफत मदत मिळते. भारतात टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते आणि मराठीतही बोलता येतं. फोन पालकांनी, मित्राने किंवा खुद्द विद्यार्थ्याने केला तरी चालतो.

शिक्षक म्हणून मी एकटी काय करू शकते? अभ्यासक्रम आणि परीक्षा माझ्या हातात नाहीत.

पेपर वाटणं तुमच्या हातात आहे. मार्क मोठ्याने वाचू नका आणि जास्त ते कमी या क्रमाने गठ्ठा लावू नका. आधी शेरे लिहिलेले पेपर द्या, एक तास त्यावर काम करू द्या, मार्क दुसऱ्या दिवशी सांगा. पहिले दोन-तीन वेळा मुलं ‘मॅडम, मार्क?’ म्हणून डोकं खातील. चुकलेला प्रश्न दुरुस्त करून आणल्यावर अर्धे मार्क परत मिळतील असं एखाद्या चाचणीला जाहीर करा आणि किती पेपर परत येतात ते मोजा. मग तो आकडा घेऊन मुख्याध्यापकांकडे जा.